नांव सैतानाचें, मालकी देवाची

मननासाठीं शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता २४:१, लूक १३:१०-१७

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत आपण वाचतों कीं, परमेश्वरानें रानांतील पशु व आकाशांतील पांखरें आदामाजवळ आणिलीं, आणि आदामानें ज्यास जें नांव दिलें तेंच त्याचें नांव झालें. नांव देण्याचा हा अधिकार देवानें मनुष्यास दिला. परंतु पाप जगांत आल्यावर हा अधिकारहि बिघडला. आमच्या मराठी भाषेंतच याची साक्ष आहे. बारशाच्या दिवशीं आपण बालकाचें नांव ठेवितों, आणि तेंच बालक मोठें झालें म्हणजे त्याला नांवें ठेवितों. शब्द जवळजवळ तेच, पण पहिल्यांत आशीर्वाद आहे आणि दुसऱ्यांत दोष आहे.

आज आम्ही अशा नांवांविषयीं चार शब्द सांगणार आहों कीं जीं मनुष्यानें सैतानावरून ठेविलीं आहेत. पृथ्वीचा नकाशा उघडून पाहिला तर त्यांची संख्या पाहून आश्चर्य वाटतें. स्वित्झर्लंड देशांत सैतानाचा पूल आहे, दक्षिण आफ्रिकेंत केप टाउन शहराच्या माथ्यावर सैतानाचें शिखर आहे, अमेरिकेंत सैतानाचा मनोरा व सैतानाचें सरोवर आहे, आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ सैतानाचें बेट आहे. झाडें, मासे, पशु, एवढेंच काय, स्वयंपाकघरांतील जिन्नसहि या नांवांतून सुटले नाहींत. आमच्याकडेहि भुताचा माळ, भुताचें झाड, हडळीची विहीर अशीं नांवें कानांवर येतातच.

आतां स्तोत्रकर्ता चोविसाव्या स्तोत्राच्या आरंभीं काय सांगतो तें पाहा. तलाठ्याच्या दप्तरांत जसा शेताचा सातबारा असतो, तसा हा सर्व पृथ्वीचा सातबारा आहे. त्यांत मालकाच्या रकान्यांत एकच नांव लिहिलेलें आहे, आणि तें परमेश्वराचें आहे. जमीन त्याची, तिजवरील पीक त्याचें, आणि तिजवर राहणारी माणसेंहि त्याचीं. सैतानाचें नांव त्या उताऱ्यांत कुळ म्हणूनहि सांपडत नाहीं. त्यानें एकहि डोंगर रचिला नाहीं, एकहि बीं रुजविलें नाहीं, एकाहि लेकरास जन्म दिला नाहीं. मग इतक्या ठिकाणीं त्याचें नांव कोणीं लाविलें? बंधूंनो, तें आपण माणसांनीं लाविलें. तें कां लाविलें, आणि त्यापासून आपल्या मंडळ्यांनीं काय शिकावें, याचा विचार आपण चार भागांत करूं.

पहिली गोष्ट ही कीं, देवानें जें निर्माण केलें त्याची भीति वाटली म्हणजे मनुष्य त्यास सैतानाचें नांव देतो.

सह्याद्रीच्या रानांत सातवीण नांवाचें झाड आहे. हल्लीं तें शहरांतील रस्त्यांच्या कडेलाहि लाविलेलें दिसतें. त्याच्या डहाळीवर बहुधा सात सात पानें एका वळ्यांत येतात, म्हणून संस्कृतांत त्यास सप्तपर्ण म्हणतात. पावसाळा संपला म्हणजे त्यास पांढुरक्या फुलांचे घोस येतात, आणि रात्रीच्या वेळीं त्यांचा उग्र वास दूरवर पसरतो. अंधारांत तो वास आला म्हणजे लोक म्हणत कीं, या झाडांत भूत राहतें, याच्या खालीं बसूं नये, निजूं नये. इंग्रजी भाषेंत तर त्याचें नांवच ‘सैतानाचें झाड’ असें आहे. परंतु लिनियस नांवाच्या स्वीडन देशांतील वनस्पतिशास्त्रज्ञानें १७६७ सालीं याच झाडाच्या शास्त्रीय नांवांत ‘स्कोलॅरिस’ हा शब्द घातला. त्याचा अर्थ ‘शाळेचें’ असा आहे. कारण हें कीं, त्याच्या हलक्या लांकडाच्या पाट्या करून त्यांवर मुलें अक्षरें गिरवीत असत. आपल्या देशांतील वैद्य त्याची साल पूर्वींपासून तापावर देत आले आहेत. बंगालांत शांतिनिकेतन येथें महर्षि देवेंद्रनाथ ठाकूर याच झाडांच्या सावलींत ध्यानास बसत, आणि तेथील विश्वभारती विद्यापीठांत पदवी घेणाऱ्यांस याच झाडाचीं पानें देण्याची रीत पडली.

पाहा, झाड एकच. जो भ्याला त्यानें त्यास सैतानाचें नांव दिलें, आणि ज्यानें त्याचा उपयोग जाणिला त्यानें त्यास शाळेचें नांव दिलें. झाडांत कांहीं पालट झाला नव्हता. पाहणाराच्या डोळ्यांत पालट होता.

तसाच आपला हिंग घ्या. इराण व अफगाणिस्तान या देशांत होणाऱ्या एका झुडुपाच्या मुळास चिरा पाडून जो चीक निघतो, तो वाळवून हिंग होतो. त्याचा वास युरोपांतील लोकांस सोसेना, तेव्हां जर्मन लोकांनीं त्यास ‘सैतानाचा मळ’ असें नांव दिलें, आणि इंग्रजींतहि त्याच अर्थाचें नांव रूढ झालें. आमच्या घरीं मात्र चिमूटभर हिंगावांचून वरणाला फोडणी बसत नाहीं, आणि तान्ह्या मुलाचें पोट फुगलें म्हणजे आजी हिंगाचें पाणी त्याच्या बेंबीभोंवतीं लाविते. एकाच्या नाकास जो सैतानाचा मळ वाटला, त्यांतच दुसऱ्याच्या आजीची माया भरलेली आहे. रशिया देशांत जुन्या मताचे कांहीं ख्रिस्ती लोक होते. त्यांच्यापैकीं पुष्कळांनीं बटाट्यास ‘सैतानाचें सफरचंद’ म्हणून तो खाण्याचें नाकारिलें. हे लोक अधर्मी नव्हते, धर्माविषयीं फार दक्ष होते. परंतु नवी वस्तु दिसली कीं ती सैतानाची असलीच पाहिजे, अशी त्यांची समजूत झाली होती. पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायांत जो धडा दिला आहे, तो त्यांनीं लक्षांत घेतला नाहीं. देवानें उत्पन्न केलेलें सर्व चांगलें आहे आणि उपकारस्तुति करून तें घ्यावें, असा त्या धड्याचा भावार्थ आहे.

ही गोष्ट आपल्या खेड्यांस फार जवळची आहे. पोराला थंडी वाजून ताप भरला कीं कोणीतरी म्हणतो, तिन्हीसांजेला तें त्या झाडाखालून गेलें होतें. मग अंगारा, मग उतारा, मग कोंबडें. आणि या खटाटोपांत दवाखान्याचे दोन दिवस बुडतात. १८९७ सालीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस या डॉक्टरानें शोधून काढिलें कीं हिंवताप डांसांच्या द्वारें पसरतो. डांस साचलेल्या पाण्यांत होतात. म्हणजे दोष झाडाचा नसून घरामागच्या डबक्याचा आहे, आणि तें डबकें बुजविणें आपल्या हातीं आहे. आपण प्रार्थना करावी, अवश्य करावी. परंतु प्रार्थना करून उठल्यावर मुलाला डॉक्टरांकडे न्यावें, आणि परत आल्यावर फावडें हातीं घ्यावें.

दुसरी गोष्ट ही कीं, मनुष्याच्या कष्टांचें श्रेयहि आपण सैतानास देऊन टाकितों.

स्वित्झर्लंडांतील ज्या पुलाचा उल्लेख वर केला, तो एका भयंकर खिंडींत रॉयस नदीवर आहे. दोन्ही बाजूंस सरळ उभे कडे, आणि खालीं नदीचा खळाळ. तेथें मनुष्यास पूल बांधतां येईल असें लोकांस वाटेना. तेव्हां अशी दंतकथा निघाली कीं, पूल सैतानानें बांधून दिला, आणि त्यावरून जो पहिला जाईल त्याचा आत्मा मोबदला मागितला. गांवकऱ्यांनीं युक्ति करून एक बोकड पुढें हांकून दिला. कथा गमतीची आहे. पण ज्या पाथरवटांनीं कड्याला लोंबकळून दगड बसविले, त्यांचीं नांवें त्या कथेंत कोठेंच नाहींत. पुढें १८३० सालीं त्याच्या शेजारीं दुसरा पूल झाला, आणि १९५८ सालीं मोटारींसाठीं तिसरा झाला. सैतानानें बांधला म्हणून सांगत असत तो जुना पूल मात्र १८८८ सालीं कोसळून पडला.

याहून मोठा दाखला एका पुस्तकाचा आहे. स्वीडन देशाच्या स्टॉकहोम शहरीं राष्ट्रीय ग्रंथालयांत एक हस्तलिखित आहे, त्यास लोक ‘सैतानाचें बायबल’ म्हणतात. नांव ऐकून कोणास वाटेल कीं त्यांत देवनिंदा भरलेली असेल. पण त्यांत आपलेंच पवित्र शास्त्र आहे. जुना करार व नवा करार, दोन्ही लॅटिन भाषेंत लिहिलेले आहेत, आणि त्यांबरोबर इतिहासाचे व वैद्यकाचेहि ग्रंथ आहेत. तेराव्या शतकाच्या आरंभीं बोहेमिया देशांतील एका मठांत तें लिहिलें गेलें, आणि १६४८ सालीं स्वीडनच्या सैन्यानें लुटींत तें प्राग शहराहून नेलें. त्याचें वजन सुमारें ७५ किलो आहे. त्यांत एका पानावर सैतानाचें मोठें चित्र आहे, त्यावरून हें नांव पडलें. दंतकथा अशी कीं, एका अपराधी साधूला भिंतींत चिणण्याची शिक्षा झाली असतां त्यानें एका रात्रींत हा ग्रंथ लिहून देण्याचें वचन दिलें, आणि मध्यरात्रीं हात थकला तेव्हां सैतानास बोलाविलें. परंतु ज्यांनीं त्या अक्षराचा अभ्यास केला त्यांचें म्हणणें असें कीं, अक्षर आरंभापासून शेवटपर्यंत एकाच हाताचें दिसतें, आणि एवढें लिहावयास एका मनुष्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला असावा. वीस वर्षें थंडींत, दिव्याच्या उजेडांत, वाकलेल्या पाठीनें एक मनुष्य देवाचें वचन उतरून काढीत बसला, आणि जगानें त्याचें नांव टाकून सैतानाचें नांव लाविलें. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्या पानावर सैतानाचें चित्र आहे त्याच्या समोरच्या पानावर स्वर्गीय नगराचें चित्र आहे. लोक एक पान पाहतात आणि समोरचें पाहावयास विसरतात.

बंधूंनो, आपणहि असेंच करितों. शेजाऱ्याचें शेत पिकलें, त्याचा मुलगा परीक्षेंत वर आला, कीं आपण कुजबुजतों, याला गुप्तधन सांपडलें असेल, यानें कांहीं करणी केली असेल. पहांटे चार वाजतां त्याच्या विहिरीवर लागणारा दिवा आपल्याला दिसत नाहीं. कष्टाला सैतानाचें नांव देणें ही मत्सराची रीत आहे. प्रभूमध्यें केलेला श्रम व्यर्थ होत नाहीं, असें पौल करिंथकरांस सांगतो. मग ज्या श्रमाची देव गणना करितो त्यास आपण नांवें कां ठेवावीं?

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. आपण दुसऱ्याच्या पूज्य स्थानास आणि दुसऱ्या माणसासहि सैतानाचें नांव देतों.

अमेरिकेंत वायोमिंग प्रांतांत सपाट मुलुखावर एक प्रचंड पाषाणस्तंभ उभा आहे. पायथ्यापासून त्याची उंची ८६७ फूट आहे. तेथील मूळ रहिवासी त्यास पवित्र मानितात, तेथें उपास व प्रार्थना करितात, आणि लकोटा लोक त्यास ‘अस्वलाचें घर’ म्हणतात. १८७५ सालीं एक लष्करी तुकडी तेथें गेली. तिच्या अधिकाऱ्यानें असें लिहिलें कीं, मूळ लोकांच्या बोलींत याचें नांव दुष्ट देवाचा मनोरा असें आहे, आणि त्यावरून ‘सैतानाचा मनोरा’ हें नांव त्यानें रूढ केलें. १९०६ सालीं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं त्यास राष्ट्रीय स्मारक केलें तें याच नांवानें, आणि मूळ लोकांनीं मागणी करूनहि तें सरकारी नांव अद्याप बदललें नाहीं. नॉर्थ डकोटा प्रांतांतील सैतानाच्या सरोवराचीहि हीच कथा. डकोटा लोकांच्या भाषेंत त्याच्या नांवांत ‘वाकान’ हा शब्द आहे, आणि वाकान म्हणजे पवित्र, गूढ. बाहेरून आलेल्यांनीं त्याचें भाषांतर सैतान असें केलें. हे बाहेरून आलेले लोक स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते, ही गोष्ट आपण लपवूं नये.

आतां कोणी भाऊ विचारील, मूर्तींपुढें जें अर्पितात तें भुतांस अर्पितात, असें पौलानेंच पहिल्या करिंथच्या दहाव्या अध्यायांत लिहिलें नाहीं काय? लिहिलें आहे, आणि आम्ही तें वचन सौम्य करूं इच्छित नाहीं. परंतु तें त्यानें कोणास लिहिलें? मंडळीस लिहिलें, प्रभूच्या मेजावर बसणाऱ्यांनीं दुसऱ्या मेजावर बसूं नये म्हणून लिहिलें. तोच पौल अथेनै नगरांत गेला तेव्हां अज्ञात देवाची वेदी पाहून त्यानें तिला सैतानाची वेदी म्हटलें नाहीं. तीच वेदी धरून त्यानें शुभवर्तमान सांगितलें. आणि इफिस नगरांत दंगा झाला तेव्हां तेथील नगरलेखकानें उघड साक्ष दिली कीं, या माणसांनीं देवळें लुटलीं नाहींत व आमच्या देवीची निंदाहि केली नाहीं. प्रेषितांची कृत्यें, अध्याय १९, ओवी ३७ काढून पाहा. ज्या गांवांत पौल तीन वर्षें राहिला, त्या गांवच्या अन्य धर्मी अधिकाऱ्याला अशी साक्ष देतां आली. आपल्या गांवचा पाटील आपल्याविषयीं अशी साक्ष देऊं शकेल काय?

आमच्या डोंगराळ भागांत देवराया आहेत. शेंकडों वर्षें लोकांनीं तेथें कुऱ्हाड चालविली नाहीं, म्हणून कित्येक ठिकाणीं झरे जिवंत राहिले आणि जुनीं झाडें वांचलीं. आपली उपासना तेथें नाहीं, हें खरें. पण नव्यानें विश्वास धरलेला एखादा तरुण त्या राईस सैतानाची राई म्हणून हिणवितो, आणि उन्हाळ्यांत त्याच झऱ्याचें पाणी पितो, हें बरें नव्हे. तीं झाडें ज्यानें वाढविलीं त्याचें नांव आपल्याला ठाऊक आहे. तें नांव प्रीतीनें सांगावें.

स्थळांस दिलेलें नांव जर इतकें दुखवितें, तर माणसांस दिलेलें किती दुखवीत असेल! इंग्रज सरकारनें १८७१ सालीं एक कायदा केला, आणि त्याअन्वयें देशांतील कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारिला गेला. आमच्याकडील पारधी, कैकाडी आदि लोक त्यांत सांपडले. मूल अजून रांगत नाहीं तोंच तें चोर ठरलें. हा कायदा स्वतंत्र भारतानें १९५२ सालीं रद्द केला. परंतु कागदावरून पुसलेलें नांव लोकांच्या जिभेवरून अजून पुसलें गेलें नाहीं. तसेंच सातपुड्याच्या कांहीं खेड्यांत एखाद्या बाईस, विशेषेंकरून विधवेस अथवा एकटीस, डाकीण ठरवून मारझोड होते, गांवाबाहेर काढितात, जीवहि घेतात. तिच्या शेताच्या तुकड्यावर कोणाचा तरी डोळा असतो, आणि डाकीण हा शब्द त्या लोभाचें पांघरूण होतो.

महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या मिषानें कोणास दोरखंडानें बांधणें, काठीनें मारणें, चटके देणें हा त्यांत गुन्हा आहे. आणि एखादी व्यक्ति करणी करिते, किंवा ती सैतानाचा अवतार आहे, असें जाहीर करणें हाहि गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. आम्ही आपल्या उपदेशक बंधूंस स्पष्ट सांगतों कीं, हा कायदा आपल्यालाहि लागू आहे, आणि कायदा नसता तरी प्रभूची रीत लागू होतीच. फेंफऱ्याचा झटका आलेली मुलगी, मन बिघडलेला तरुण, बाळंतपणानंतर उदास झालेली सून, यांना प्रार्थनेस आणितात तेव्हां त्यांच्या अंगावर हात टाकून, केंस ओढून, ओरडून सैतान घालविण्याचे प्रकार कोठें कोठें होतात. प्रभूनें भूतग्रस्तांस बरें केलें, पण एकासहि मारिल्याचें चारी शुभवर्तमानांत कोठें लिहिलेलें नाहीं.

लूकच्या तेराव्या अध्यायांतील ती स्त्री डोळ्यांपुढें आणा. अठरा वर्षें ती कंबरेंत वाकलेली होती. तिला वर पाहतां येत नव्हतें. लोकांचीं तोंडें नव्हे, पायच तिला दिसत असतील. सैतानानें तिला बांधिलें होतें, हें प्रभूनें स्वतः सांगितलें. आपण असतों तर तिचें नांवच तें पाडिलें असतें, सैतानानें धरलेली बाई. पण प्रभूनें तिला काय म्हटलें? अब्राहामाची कन्या म्हटलें. तिच्या बेडीवरून त्यानें तिचें नांव ठेविलें नाहीं. ती कोणाच्या घरची, यावरून ठेविलें. त्यानें तिला जवळ बोलाविलें, तिच्यावर हात ठेविले, आणि ती नीट उभी राहिली. बंधूंनो, ही सोळावी ओवी तोंडपाठ करा. सैतानाचें काम ओळखणें वेगळें, आणि माणसास सैतान म्हणणें वेगळें.

आणि हें विसरूं नका कीं, परुश्यांनीं हेंच नांव आपल्या प्रभूस दिलें होतें. त्यांनीं त्याला बालजबूल म्हटलें. ज्या तोंडाला दुसऱ्यास सैतान म्हणण्याची संवय लागते, तें तोंड शेवटीं देवाच्या पुत्रासहि ओळखीत नाहीं. प्रभूनें मात्र हा शब्द पेत्रास एकदां लाविला, तो त्याच्या तोंडावर लाविला, आपल्याच शिष्यास लाविला, आणि त्यानंतर त्यास टाकून दिलें नाहीं.

चौथी गोष्ट ही कीं, सैतान जेथें खरोखर काम करितो तेथें बहुधा आपलें नांव लावीत नाहीं. पौल दुसऱ्या करिंथच्या अकराव्या अध्यायांत सांगतो कीं, तो तेजस्वी दूताचें सोंग घेतो.

यशयाच्या चौदाव्या अध्यायांत बाबेलच्या गर्विष्ठ राजास पहांटेच्या ताऱ्याची उपमा दिली आहे. लॅटिन शास्त्रांत त्या ताऱ्यास ‘ल्युसिफर’, म्हणजे प्रकाश आणणारा, हा शब्द आहे, आणि पुढें लोकांनीं तेंच सैतानाचें नांव करून टाकिलें. पण प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायांत पहांटेचा तारा असें कोण म्हणवितो? आपला प्रभु येशू. सुमारें १८३० सालीं लंडनांत घांसून पेटणाऱ्या आगकाड्या ल्युसिफर या नांवानें विकूं लागले, आणि डच लोक अजून आगकाडीला ल्युसिफरच म्हणतात. त्या नांवानें कोणाचें नुकसान झालें नाहीं. नुकसान झालें तें दुसऱ्याच गोष्टीनें. आगकाड्यांच्या कारखान्यांत पांढरा फॉस्फरस वापरीत, आणि त्याच्या वाफेनें गरीब मुलीबायांचीं जबड्याचीं हाडें सडत. तांबड्या फॉस्फरसाची निर्धोक काडी ठाऊक होती, पण ती महाग पडे. मालक प्रतिष्ठित होते, व्यापार सचोटीचा म्हणवीत होता. १८९१ सालीं मुक्तिफौजेनें लंडनांत निर्धोक काड्यांचा कारखाना काढून अधिक मजुरी दिली, आणि पुढें कायद्यानेंहि पांढरा फॉस्फरस बंद झाला. सैतान डबीवरील नांवांत नव्हता, नफ्याच्या हिशेबांत होता.

आतां शेवटचा दाखला त्या बेटाचा. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर तीन लहान बेटें आहेत, आणि त्यांतील एकाचें नांव सैतानाचें बेट. १८५२ सालापासून फ्रान्स सरकारनें त्या मुलुखांत काळ्या पाण्याची वसाहत केली, आणि ताप, उपासमार व मारहाण यांनीं तेथें हजारों कैदी मेले. १८९५ सालीं आल्फ्रेड ड्रेफस नांवाच्या यहूदी कॅप्टनास या बेटावर एकटें ठेविलें. त्यानें देशद्रोह केला असा आरोप होता, आणि तो आरोप खोटा होता. १८९६ सालीं तर कित्येक आठवडे रात्रीं त्याचे पाय खाटेस लोखंडानें जखडीत. चार वर्षांहून अधिक काळ तो तेथें होता. १९०६ सालीं न्यायालयानें त्यास पूर्ण निर्दोष ठरविलें. हें सर्व कोणत्या नांवानें झालें? देशाच्या नांवानें, सैन्याच्या अब्रूच्या नांवानें. बेटाचें नांव सैतानाचें होतें, पण बेट निरपराधी होतें. तेथें माड डोलत होते आणि समुद्राचा वारा वाहत होता. सैतानाचें काम पॅरिसच्या कचेरींत, स्वच्छ कागदावर, सुंदर अक्षरांत झालें.

आणि त्या तीन बेटांस मिळून काय नांव आहे, तें ऐका. त्यांस ‘तारणाचीं बेटें’ म्हणतात. अठराव्या शतकांत किनाऱ्यावर तापाची सांथ आली असतां जे वांचले ते पळून या बेटांवर आले, म्हणून हें नांव पडलें. म्हणजे सैतानाचें बेट पहिल्यापासून तारणाच्या बेटांपैकीं एक आहे. १९२८ सालीं मुक्तिफौजेचा शार्ल पेआं नांवाचा एक तरुण अधिकारी त्या वसाहतींत गेला. त्यानें कैद्यांस त्यांच्या नंबरावरून नव्हे तर भाऊ म्हणून ओळखिलें, आणि वर्षानुवर्षें सरकारचें दार ठोठाविलें. १९३८ सालीं नवे कैदी पाठविणें बंद झालें, आणि १९५३ सालापर्यंत शेवटचे कैदी परत आणिले गेले. बंधुभगिनींनो, नकाशा काढणाऱ्यांस कदाचित् ठाऊक नसेल, पण त्यांनीं शुभवर्तमानाचें सार लिहून ठेविलें आहे. सैतानाच्या नांवाची जागा लहान आहे, आणि ती तारणाच्या नांवाच्या आंत आहे.

तेव्हां आपण काय करावें? आपल्या गांवांत जें झाड, जी विहीर, जो माळ भुताचा म्हणून टाकिला आहे, तेथें भर दिवसा लेकरांस घेऊन जावें, त्यांस त्या झाडाचें खरें नांव व गुण सांगावा, आणि त्याच्या निर्माणकर्त्याचे उपकार मानावे. ज्या बाईस गांव डाकीण म्हणतो, तिच्या ओसरीवर या आठवड्यांत जाऊन पाणी मागून प्यावें. शंभर व्याख्यानांपेक्षां तो एक पेला अधिक बोलेल. कोणी तिजवर हात टाकील तर पोलिसांकडे जाण्यास भिऊं नये. मंडळींत कोणा आजाऱ्यावर सैतानाचें नांव लादूं नये. त्याजबरोबर प्रार्थना करावी आणि त्याजबरोबर दवाखान्यांतहि जावें. आणि सैतानास शोधावयाचेंच असेल तर पिंपळावर शोधूं नये. आपल्या वजनाच्या मापांत, आपल्या हिशेबाच्या वहींत, भावाच्या बांधाला लाविलेल्या आपल्या नांगरांत शोधावें. तेथें त्याचें नांव लिहिलेलें नसतें, म्हणूनच तो तेथें निर्धास्त असतो.

जो प्रभु अठरा वर्षांच्या वाकलेल्या स्त्रीस अब्राहामाची कन्या म्हणाला, तो आपल्यालाहि आपल्या बेडीवरून नव्हे, तर आपल्या पित्यावरून हांक मारितो. त्याच नांवानें आपण एकमेकांस हांक मारूं. आमेन.